आई-बापांना आत आणण्याची नोकरी

नाताळ अंकासाठी ‘तरुणांमधली सेवा’ या विषयावर लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी करंज्यांचं सारण भाजत होते. सारण करपलं, त्याचा राग आधीच डोक्यात. मी म्हटलं, तरुणांनी मला कधी त्रासच दिला नाही, तर त्यांच्याबद्दल लिहू काय? त्रास दिला तो त्यांच्या आई-बापांनी. संपादक म्हणाले, “मग तेच लिहा.” ते स्वतः एका पोराचे बाप आहेत आणि तरुण संघाच्या एकाही बैठकीला कधी फिरकले नाहीत, हे मी फोनवर बोलले नाही. इथं लिहिते.

जुन्नर आणि आंबेगाव, या दोन तालुक्यांत विखुरलेल्या आमच्या मंडळीची मी एकोणीस वर्षं युवक-सेविका होते. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, मंडळी म्हणजे चर्चचे सगळे लोक आणि तरुण संघ म्हणजे त्यातली तेरा ते बावीस वयाची पोरं-पोरी. रविवारची उपासना संपली की ही पोरं दोन तास थांबतात. गाणी, शास्त्रवाचन, खेळ, नाताळचं नाटक, उन्हाळ्यातलं शिबिर, असा सगळा कारभार. आमची घरं एका आळीत नाहीत. दोन शिनोलीला, एक घोडेगावात, एक खोडदला, बाकीची नारायणगाव-जुन्नरच्या अंगाला. मी स्कूटीवरून हिंडायची. जे मानधन मिळायचं त्याला पगार म्हणायचं धाडस पंचकमिटीलाही कधी झालं नाही. खुर्च्या शेजारच्या बुद्धविहारातून यायच्या, आणि जयंतीला आमच्या सतरंज्या तिकडं जायच्या.

नेमणूक झाली त्या दिवशी पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू, म्हणाले, “बाई, पोरांची काळजी करू नका. गिटार दिसली की येतात. तुम्ही आई-बाप तेवढे आत आणा.” मला वाटलं, त्यात काय एवढं! मंडळीतलेच तर लोक. पण बहुतेक आई-बाप तरुण संघाकडं पिठाच्या गिरणीसारखं बघतात. डबा ठेवायचा आणि दोन तासांनी दळण न्यायला यायचं. आत काय दळतात, बारीक की जाडं, कोणी विचारत नाही. आणि मग पोर सतरा-अठराचं झालं, की एक दिवस बापच म्हणतो, “बास झालं ते गाणं-बजावणं, अभ्यासाला बस.” असं सुटलेलं पोर पुन्हा सापडत नाही. म्हणून आई-बापांना धरून ठेवायचं. माझी सगळी नोकरी एवढीच होती.

पहिल्या वर्षी मी पालकसभा बोलावली. चांगली पत्रिका काढली, तीस जणांचा चहा टाकला. आली एक म्हातारी. तिला वाटलं, आजाऱ्यांसाठी प्रार्थना आहे. आता आलीच आहे तर गुडघ्यासाठी करा म्हणाली. मी गुडघ्यासाठी प्रार्थना केली आणि तीस जणांच्या चहातला जमेल तेवढा आम्ही दोघींनी प्यायला.

दुसऱ्या वर्षी शिबिरासाठी संमतीपत्रं काढली. म्हटलं, सही करायच्या निमित्तानं तरी आई-बाप कागद वाचतील. दोन दिवसांत सगळी संमतीपत्रं भरून आली, मी खूश! पाळकसाहेबांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, “बाई, आपल्या मंडळीत अकरा जणांचं अक्षर एकसारखं आहे, हा चमत्कारच म्हणायचा.” तो चमत्कार शिनोलीच्या आशिषचा. अकरा सह्या करून हात दुखला म्हणून बाराव्या कागदावर, म्हणजे स्वतःच्या आईच्या, त्यानं सरळ अंगठा उठवला. त्याची आई रिबेकाबाई शाळेत मुख्याध्यापिका! तो कागद मी त्यांना नेऊन दाखवला. त्या आधी आशिषवर ओरडल्या, मग माझ्यावर, आणि पुढच्या रविवारपासून न चुकता तरुण संघात येऊन बसायला लागल्या. मी आत आणलेली पहिली आई म्हणजे रिबेकाबाई. त्यांचा आवाज खणखणीत आणि ‘आमेन’ त्याहून.

त्यांच्यावरूनच मला सुचलं, की हे लोक आपल्याकडं येत नाहीत तर आपण त्यांच्याकडं जाऊ. महिन्यातल्या एका रविवारी तरुण संघ कोणाच्या तरी घरी भरवायचा. पाळी लावायची. ज्याचं घर, त्या आई-बापांनी पूर्ण वेळ बसायचं. आपल्याच घरातून पळून जाणार कुठं?

ही युक्ती लागू पडली, जरा जास्तच पडली. पहिल्या घरी चहा-चिवडा झाला. दुसऱ्या घरच्या बाईनं ते ऐकलं आणि पोहे केले. तिसरीकडं पुरी-भाजी. सहा महिन्यांत आम्ही मासवडी-रस्सा आणि बाजरीच्या भाकरीवर पोचलो होतो. आया सकाळची उपासना सोडून वड्या थापायला लागल्या, बाप लोक ओसरीत कांद्याच्या भावावर बसले, आणि पोरं जेवून जी आडवी व्हायची ती शास्त्रवाचनाला उठायची नाहीत. एका रविवारी मी मोजलं, पालक एकवीस आणि तरुण नऊ. शेवटी फर्मान काढलं, की चहा आणि फुटाणे, त्यापलीकडं ताटात काही दिसलं तर मी उठून जाईन. आया माझ्यावर दोन महिने रुसल्या.

या सगळ्या काळात एकच बाप हाती लागत नव्हता, तो खोडदचा दावीदभाऊ.

दावीदभाऊ खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर कामाला. त्या मोठाल्या अँटेना आहेत ना, त्यांच्यावर चढून देखभाल करणाऱ्यांतला. बायको मार्था आजारात गेली तेव्हा मुलगी सालोमी नऊ वर्षांची होती. पोरीची वेणी घालायलासुद्धा तो स्वतः शिकला. रविवारी पोरीला मोटरसायकलवरून आणायचा आणि दोन तास फाटकाबाहेर गाडीवरच बसून राहायचा, डोक्यावरचं हेल्मेट न काढता. मी बोलवायला गेले की म्हणायचा, “आमी हितं बरं हाय, बाई.” मी एकदा वैतागून म्हटलं, “दावीदभाऊ, आभाळातलं सगळं ऐकता म्हणे तुम्ही लोक, आत पोरगी गाते ती तरी ऐका.” तर म्हणाला, “हितूनबी ऐकू येतंय की.” घरपाळीची वही पुढं केली की म्हणायचा, “पुढल्या साली बघू.” असं सालोमी तेराची होती तेव्हापासून चाललेलं. आता ती बारावीला होती.

आता आमच्यातली एक रीत सांगते. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी आम्ही गुप्त प्रार्थना-सोबती निवडतो. प्रत्येकानं चिठ्ठीवर आपलं नाव आणि एक विनंती लिहायची. मी बिस्किटांचे दोन डबे ठेवायची, एक पोरांच्या चिठ्ठ्यांचा, एक आई-बापांच्या. पोरांनी पालकांची चिठ्ठी उचलायची, पालकांनी पोरांची. ज्याची चिठ्ठी आली त्याच्यासाठी वर्षभर रोज प्रार्थना करायची, कोणाला सांगायचं नाही, आणि नाताळात नाव फोडायचं. नियम दोनच. स्वतःचंच पोर निघालं तर चिठ्ठी परत टाकायची. आणि चिठ्ठीत लिहिलंय तेच शब्द मागायचे, आपलं शहाणपण घालायचं नाही. हा दुसरा नियम का, तर एका पोरानं मोटरसायकल मागितली होती आणि त्याची चिठ्ठी उचललेल्या काकांनी वर्षभर त्याच्यासाठी गणितात मार्क मागितले. पोराला मार्क पडले, आणि नाताळात तो काकांशी बोलेना.

त्या वर्षी मी पोरांच्या चिठ्ठ्यांचा डबा घेऊन थेट फाटकाबाहेर गेले. “चिठ्ठीला तरी आत यायला लागत नाही ना?” दावीदभाऊनं हेल्मेटमधूनच डब्यात बघितलं, एक चिठ्ठी उचलली, उघडून वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “ठीक हाय.” नाव कोणाचं ते मी विचारायला हवं होतं. पण पाच वर्षांत त्यानं पहिल्यांदा काहीतरी हातात घेतलं होतं, त्या आनंदात मी नाचतच आत गेले.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी तो माझ्या दारात. या वेळी हेल्मेट काखेत.

“सलाम, बाई. त्या चिठ्ठीचं जरा इचारायचं व्हतं.”

“चिठ्ठीचं कोणाला सांगायचं नसतं, दावीदभाऊ.”

“बगा तरी.”

चिठ्ठीवर सालोमीचं गोल अक्षर. “बाबांना सुबुद्धी दे आणि मला नर्सिंगला जाऊ दे.”

मी कपाळावर हात मारला. तिनं दिवाळीतच बापाला विचारलं होतं, हे मला ठाऊक होतं. मिशनच्या दवाखान्याची नर्सिंगची शाळा, एसटीनं आठ तास, वसतिगृहात राहायचं, तीन वर्षं. बापानं नाही म्हटलं होतं आणि विषय मिटवला होता. पोरीनं पुन्हा तोंड उघडलं नव्हतं, ते चिठ्ठीत उघडलं.

“अहो, स्वतःची पोरगी निघाली तर परत टाकायची ना! नियम सांगितला होता मी.”

“आत सांगितला आसंल. मी भाईर व्हतो.”

मी म्हटलं, “द्या इकडं, बदलून देते.”

“आता कशी देऊ? देवाच्या नावानं उचाललीय. रोज मागतोय मी. दुपारच्या डब्याच्या टायमाला, अँटेनाखाली. तितं मोबाइल बंद ठेवावा लागतो, पार्थनेला बरं पडतं.” मग खाली बघून म्हणाला, “पन बाई, ‘सुबुद्धी दे’ म्हंजी काय? आत्ता काय दुर्बुद्धी हाय का?”

मला हसू आवरेना. गडी स्वतःच्याच विरुद्ध रोज देवाकडं अर्ज करत होता, तोही शब्दाला शब्द. मी विचारलं, “मग? मागता ते मनापासून मागता का?”

“मागतो की. आपली लबाडी न्हाई. फकस्त वर सांगून ठेवलंय, घाई न्हाई.”

मी पाळकसाहेबांना काही सांगितलं नाही. सालोमीला तर नाहीच. नियम मोडलेला मला कळत होता, पण मनात म्हटलं, राहू दे, बघू कोण थकतं आधी, देव की दावीदभाऊ.

बारावीचा निकाल लागला. पोरीला चांगले मार्क. मी पेढे घेऊन खोडदला गेले, आणि तिथं माझ्या जिभेनं घात केला. सालोमी पाणी आणायला आत गेली तसा मी विषय काढला. तो पेढ्याचा पुडा सोडत बसला. मी पुन्हा काढला. तेव्हा हळूच म्हणाला, “बाई, ती गेल्यावर या घरात मी कुनाशी बोलू?”

त्यावर मी पटकन बोलून गेले, “आत्ता तरी बोलता का?”

बोलले आणि मला कळलं, हे आपण बोलायला नको होतं. एकोणीस वर्षांत मी पुष्कळ आई-बापांना टाकून बोलले असेन, पण तेवढं एक वाक्य मला अजून लागतं. त्यानं पेढ्याचा पुडा नीट बांधून फळीवर ठेवला आणि कामावर जायचंय म्हणाला. त्या दिवशी त्याची सुट्टी होती.

पुढचे तीन रविवार दोघंही आले नाहीत. फाटकाबाहेरची जागा मोकळी. मी पाळकसाहेबांपुढं रडले. म्हटलं, बापाला आत आणता आणता मी पोरगीच बाहेर घालवली. फॉर्मची मुदत जवळ येत होती. सालोमीनं मला एकच मेसेज पाठवला होता, “बाई, आता राहू द्या.” ती हरली होती, आणि तिला हरवण्यात माझाही हात होता.

चौथ्या आठवड्यात फोन वाजला. “बाई, दावीद बोलतोय. या रैवारी घरपाळी कुनाची हाय?”

पाळी घोडेगावची होती. “तुमचीच,” मी म्हटलं. देव माफ करो.

“मंग या.”

रविवारी आम्ही खोडदला गेलो. चौदा पोरं, सहा-सात पालक. दावीदभाऊनं सतरंजी अंथरली होती, फुटाणे परातीत मांडले होते, नियमाप्रमाणं, त्यापलीकडं एक दाणाही जास्त नाही. गाणी झाली, शास्त्रवाचन झालं. तो भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडं बघत नव्हता. सालोमीही नाही. चहाची पातेली दोघांनी मिळून उचलली, पण एक शब्द बोलली नाहीत.

शेवटी साखळी प्रार्थना. गोल बसायचं, हात धरायचे, डोळे मिटायचे, आणि एकामागून एक प्रत्येकानं एकेक वाक्य देवाशी बोलायचं. ज्याला बोलायचं नाही त्यानं शेजाऱ्याचा हात दाबायचा, की पाळी पुढं जाते. दावीदभाऊ हातच दाबणार, यावर मी पैज लावली असती. मी मात्र डोळे उघडेच ठेवते. प्रार्थनेत मोबाइल कोण बघतंय, हे कोणीतरी बघायला लागतं.

साखळी फिरत आली. कोणी परीक्षेसाठी मागितलं, कोणी आजीसाठी. दावीदभाऊचा नंबर आला. त्यानं हात दाबला नाही. डोळे घट्ट मिटले, आणि आता तोंडातून काय निघावं? सहा महिने अँटेनाखाली जे घोकलं होतं तेच.

“देवा, बाबांना सुबुद्धी दे आनि मला नर्शिंगला जाऊ दे.”

जसंच्या तसं! चिठ्ठीतला शब्दही बदलला नाही. पन्नाशीचा, मिशाळ, अँटेनावर चढणारा बाप्या, आणि म्हणतो मला नर्सिंगला जाऊ दे. एका पोरीनं फुस्सकन हसू दाबलं. पुढची पाळी आशिषची होती, तो आपलं वाक्यच विसरला. सालोमीचे डोळे उघडे. ती बापाकडं बघत होती.

तेवढ्यात रिबेकाबाई, ज्यांचा नंबर अजून पाच माणसं लांब होता, खणखणीत आवाजात म्हणाल्या, “आमेन!” आणि पाठोपाठ अख्खं घर म्हणालं, आमेन.

दावीदभाऊनं डोळे उघडले. सगळे त्याच्याकडं बघतायत. “काय झालं?”

सालोमी म्हणाली, “बाबा, माझी चिठ्ठी तुमच्याकडं व्हती?”

त्याला तेव्हा कळलं, आपण काय बोललो. कानापर्यंत लाल झाला. “व्हती.”

“जानेवारीपास्नं?”

“रोज मागतोय.”

“आनि रोज मला न्हाईबी म्हनताय?”

“आगं, तुला मी न्हाई म्हनायचो. देवाला कुटं न्हाई म्हनलो?” त्यानं मदतीसाठी माझ्याकडं बघितलं. मी फुटाण्यांच्या परातीत बघत बसले. आधी तोंड उघडून काय दिवे लावले होते ते आठवत होतं. शेवटी तोच म्हणाला, अगदी बारीक आवाजात, “पोरी, मला भ्या वाटतं गं. तुझी आई दवाखान्यात गेली ती आलीच न्हाई. आता तू बी दवाखान्यातच जानार म्हनतीस.”

इतके दिवस मी समजत होते, याला एकट्यानं राहायची भीती आहे. ती असेलही. पण हे त्यानं आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं.

सालोमी उठून त्याच्याशेजारी जाऊन बसली. “बाबा, आईजवळ रातंदिस एक नर्स व्हती. तुमाला आठवती?”

“आठवती की. तीच तर आईचे केस इंचरायची.”

“मला ती व्हायचंय.”

रिबेकाबाई पदरानं नाक पुसत होत्या. दावीदभाऊ सतरंजीची किनार चिमटीत धरून बसला. मग म्हणाला, “फारम कवा भरायचा?”

“परवा शेवटची तारीख हाय.”

“परवा?” तो ताडकन उठला. “मंग बसलीस काय! कागद काढ की! फोटू हाय का? दाखला कुटंय? आशिष, लेका, तुझ्या मोबाइलवर भरता येतो का रं फारम?” साखळी प्रार्थना तशीच अर्धी राहिली. पाच जणांच्या विनंत्या त्या दिवशी देवापर्यंत पोचल्याच नाहीत. त्यांनी मला माफ करावं.

ऑगस्टात सालोमी निघाली. नारायणगावच्या स्टँडवर आम्ही चार-पाच जण पोचवायला गेलो. दावीदभाऊनं तिची पेटी स्वतः गाडीत चढवली, खिडकीजवळची सीट धरून दिली, पाण्याची बाटली दोनदा विसरली म्हणून दोनदा दिली. पोरगी रडत नव्हती, हसत होती. एसटी सुटली, पुलाकडं वळली, दिसेनाशी झाली. बाकीचे आपापल्या वाटेनं गेले. आम्ही दोघं उभे.

मी म्हटलं, “त्या दिवशी तुमच्या घरी मी जे बोलले, दावीदभाऊ, ते मनात ठेवू नका.”

“खरं तेच बोलला तुमी.” मग रस्त्याकडं बघून त्यानं विचारलं, “बाई, उद्या डब्याच्या टायमाला मी आता काय मागू?”

एकोणीस वर्षं मी पोरांना प्रार्थना शिकवली. कशासाठी मागावं, कसं मागावं, सगळ्याची उत्तरं माझ्याकडं तयार असायची. त्या दिवशी एकही आठवलं नाही. मी म्हटलं, “स्वतःसाठी मागा काहीतरी.”

“ते कसं मागत्यात?” तो म्हणाला, आणि तिथंच, स्टँडवर, सगळ्या लोकांदेखत लहान पोरासारखा रडला. मी त्याचा हात धरून उभी राहिले. हात दाबला मात्र नाही.